अभ्यास घेणारे

शिकवणाऱ्याला विषय यावा लागतो. अभ्यास घेणाऱ्याला अशी काही अट नाही. त्याला लागते एक खुर्ची, समोर मांडी घालून बसलेलं एक पोर आणि हातात त्या पोराचंच पुस्तक. महाराष्ट्रात गल्लीला एक तरी असा गृहस्थ असतोच. बहुधा निवृत्त शिक्षक, नाहीतर पोस्टमास्तर, एखाद वेळी एसटीतला कंट्रोलर. शेजारणीच्या मुलीची बारावी, भाच्याची आयटीआय, सुनेचं बीएड, कशालाच हा माणूस नाही म्हणत नाही. ‘मला हे येत नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडून कधी निघत नाही. तो म्हणतो, “आण पुस्तक. बघू तुला काय येतं!” समोरच्याला काय येतं हे बघणाऱ्याला स्वतःला काय येतं, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. या पंथाचं सगळं वैभव त्यावर उभं आहे.

विंचूरचे आमचे गुरुजी या पंथाचे महंत.

विंचूर म्हणजे निफाड तालुक्यातलं, नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. इतिहासवाल्यांना ते पेशव्यांच्या विंचूरकर सरदारांमुळे ठाऊक, कांदेवाल्यांना लासलगाव बाजार समितीच्या उपबाजारामुळे आणि सरकारला वाईन पार्कमुळे. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, गळ्यात तुळशीची माळ आणि खिशात लाल पेन. निवृत्तीच्या दिवशी शाळेची सगळी चार्ज-यादी त्यांनी पै-पैशासकट सोपवली, पण लाल पेन तेवढं घरी आणलं. त्या पेनाने ते लग्नपत्रिकेतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारून पत्रिका आणणाऱ्याच्याच हातात परत देतात. एकदा दशक्रियेच्या पत्रिकेतही ‘शोकाकूल’चा कू ऱ्हस्व करून ठेवला. घरच्यांनी रडता रडता दुरुस्ती पाहिली आणि मान डोलावली.

आजवर त्यांनी कशाकशाचा अभ्यास घेतला याची यादी मोठी आहे. तलाठी भरती, पोलीस भरती, डीएड, फिटर ट्रेड, कृषी पदविका. नर्सिंगच्या एका मुलीने वही उघडून शरीराची एक आकृती समोर धरली, तेव्हा गुरुजींनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि पुसता पुसताच म्हणाले, “छान आहे. पुढचा धडा.” मुलगी पास झाली. सगळीच पास होतात असं नाही. पण नापास झालेलाही सांगतो की गुरुजींनी विचारलेलं त्याला सगळं येत होतं, पेपरात मात्र दुसरंच आलं.

त्यांची पद्धत तीन वाक्यांची. पहिलं, “तुझ्या शब्दांत सांग.” दुसरं, “समजलं नाही, परत सांग.” हे दुसरं वाक्य ते कितीही वेळा म्हणू शकतात, कारण ते दर वेळी खरं असतं. आणि तिसरं, “यावरून काय शिकलास?” या तिसऱ्याला फिटर ट्रेडची पोरंसुद्धा टरकायची. लेथ मशीनवरून माणसाने काय शिकायचं?

तर अशा गुरुजींच्या धाकट्या मुलाचा एका फेब्रुवारीत न्यू जर्सीहून फोन आला. नातीची परीक्षा आहे, म्हणाला. पोरगी तिकडच्या हायस्कुलात शेवटच्या वर्षाला. गणितात पक्की, विज्ञानात पक्की, पण हौसेने एक भलताच पेपर घेऊन बसलेली : एपी स्पॅनिश लिटरेचर.

“हे एपी म्हणजे काय?” गुरुजींनी विचारलं.

मुलाने समजावलं. कॉलेज बोर्ड नावाची संस्था दर मे महिन्यात परीक्षा घेते. शाळेत असतानाच कॉलेजच्या पातळीचा पेपर. चांगले गुण पडले तर पुष्कळ कॉलेजं तो विषय झाला असं धरतात आणि तेवढ्या तासांची फी वाचते.

“म्हणजे फीमाफी,” गुरुजी म्हणाले. विषय त्यांना तिथेच पटला. “पेपर कसा असतो?”

पासष्ट वस्तुनिष्ठ प्रश्न, ऐंशी मिनिटं. चार लेखी उत्तरांचे, शंभर मिनिटं.

“ऐंशी आणि शंभर, एकशेऐंशी. तीन तास! मग सरळ बोर्डाचा पेपर आहे असं सांग की. धडे किती?”

“अडतीस. कथा, कविता, नाटकं, कादंबरीतली प्रकरणं. चौदाव्या शतकापासून आत्तापर्यंतची. आणि सगळं स्पॅनिशमध्ये, बाबा. उत्तरंसुद्धा.”

फोनवर क्षणभर कोणी बोललं नाही. मुलाला वाटलं, बाबा आता म्हणतील, यातलं मला काही कळत नाही. गुरुजी एवढंच म्हणाले, “पहाटे साडेपाचला फोन लावायला सांग तिला. माझी आंघोळ झालेली असते.”

इथे पहाटेचे साडेपाच म्हणजे मार्चनंतर तिकडे आदल्या रात्रीचे आठ. नात जेवून पुस्तकं घेऊन बसायची, आणि इकडे गुरुजी गंध लावून, दोनशे पानी वही उघडून, मोबाइल तांब्याला टेकवून. वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ आणि त्याखाली ‘स्पॅनिश वाङ्मय : एकूण धडे ३८’.

गुरुजींनी आधी सनावळ्या ताब्यात घेतल्या. माणूस इतिहासाचा. परका सन त्यांच्या डोक्यात राहत नाही. त्याला आपल्याकडचा सोबती दिला की राहतो. ‘काउंट लुकानोर’च्या बोधकथा १३३५च्या. गुरुजींनी लिहिलं : ज्ञानेश्वरीनंतर पंचेचाळीस वर्षांनी. ‘लासारिल्यो दे तोर्मेस’ १५५४. नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत केली त्याच्या तीस वर्षं आधी. ‘डॉन किहोते’चा पहिला भाग १६०५, त्याच साली अकबर गेला. डॉन हुआनचं नाटक साधारण १६३०चं. गुरुजींनी पेन खाली ठेवलं. “शिवजन्म! हे विसरलीस तर घरात पाऊल ठेवू नकोस.” नात स्वतःच्या घरात, आठ हजार मैलांवर बसली होती, पण तिने मान डोलावली.

पुढे मात्र गडबड झाली. कवयित्री सोर हुआना इनेस दे ला क्रूझ १६९५ साली वारली, आणि यादीतला त्यानंतरचा धडा एकदम १८२२ सालचा : क्युबाच्या एरेदियाची वादळावरची कविता. मधलं अख्खं अठरावं शतक रिकामं. गुरुजींनी यादी दोनदा तपासायला लावली.

“एकही धडा नाही?”

“नाही आबा.”

“अगं, बाजीराव त्या शतकातले! आपण अटकेपार गेलो १७५८ला! आपले विठ्ठल शिवदेव विंचूरकर पानिपतावर लढले १७६१ला! आणि यांच्याकडे सांगण्यासारखं काहीच घडलं नाही?”

नातीने शोधून सांगितलं, की पानिपताच्या साली स्पेनच्या गादीवर तिसरा कार्लोस होता. गुरुजींनी ते वहीत टिपलं, पण कार्लोसबद्दल त्यांचं मत काही सुधारलं नाही. शतक गाळलेल्या परीक्षामंडळाला पत्र लिहायचं त्यांच्या फार मनात होतं. मुलाने कसंबसं परावृत्त केलं.

लेखकांशी त्यांचं जमायचं ते कामकाजाच्या अंगाने. किहोते लिहिणाऱ्या सर्वांतेसचं चरित्र नात सांगत होती. लेपांतोच्या लढाईत, १५७१ साली, डावा हात कायमचा निकामी झाला. मग चाच्यांनी पकडून पाच वर्षं अल्जियर्सला डांबून ठेवलं. गुरुजी शांतपणे ऐकत होते. शौर्याच्या गोष्टी त्यांनी पुष्कळ शिकवल्या होत्या. पुढे ती म्हणाली, की नंतर त्याला सरकारी आरमारासाठी गावोगाव गहू आणि तेल गोळा करायची नोकरी लागली, मग करवसुलीचं काम आलं आणि हिशेब जुळेना म्हणून तो तुरुंगात गेला. गुरुजी खुर्चीतून अर्धे उठले.

“गहू आणि तेल? नुसत्या गहू-तेलाचा हिशेब? जुळलाच नसणार!”

शालेय पोषण आहाराच्या तांदळाची नोंदवही ज्याने वर्षानुवर्षं लिहिली आहे, त्यालाच हे दुःख कळतं. पोती उतरवून घेताना वजन एक, शिजवायला काढताना दुसरं, आणि तपासणीला साहेब आला की तिसरं. त्या दिवसापासून सर्वांतेस गुरुजींच्या खात्यातला झाला. पवनचक्क्यांना राक्षस समजून भाला घेऊन धावणारा किहोते त्यांना वेडा वाटला नाही. साक्रीकडच्या पठारावरच्या पवनचक्क्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा आपणही दचकलो होतो, असं ते म्हणाले. त्यांना चिंता होती सांचो पांझाची. शेजारचा साधा शेतकरी. एका बेटाचा कारभारी करतो म्हणून सांगून त्याला गाढवावर बसवून बाहेर काढलेला.

“लेखी घेतलं होतं का त्याने?”

“नाही आबा. नुसता शब्द.”

“निवडणुकीच्या आधी की नंतर?” गुरुजींनी विचारलं, आणि नातीला ते अमेरिकेत राहून समजलं नाही.

‘लासारिल्यो’चा धडा द्राक्षांच्या ऐन हंगामात निघाला, ते एका परीने बरं झालं. ही कादंबरी निनावी. लिहिली आहे एका बड्या साहेबाला उद्देशून, स्वतःच्या प्रकरणाचा खुलासा करणाऱ्या पत्राच्या रूपात. पुढे स्पेनच्या धर्मन्यायालयाने तिच्यावर बंदी घातली. “लेखकाचं नाव नाही, साहेबाला उद्देशून, आणि धर्माच्या अधिकाऱ्यांवर आरोप,” गुरुजींनी वहीत नोंद केली, “म्हणजे निनावी अर्ज.” कथाप्रकाराच्या नावापेक्षा ही नोंद नातीला जास्त लक्षात राहिली असावी.

त्यातली द्राक्षांची गोष्ट ऐकून गुरुजी इतके खूष झाले, की त्या दिवशी ते गावच्या तीनपाटीच्या नाक्यावर चहाला आले ते थेट व्याख्यान द्यायलाच. आम्ही चौघे-पाच जण नेहमीचे. एक द्राक्षबागायतदार, एक कांद्याच्या आडतीवर हिशेब लिहिणारा, एक ग्रामपंचायतीचे माजी सदस्य आणि मी.

“स्पेनमध्ये एक आंधळा भिकारी होता,” गुरुजींनी सुरुवात केली, “आणि त्याचा हात धरून चालणारा एक पोरगा. हंगामाचे दिवस. कोणीतरी भिक्षा म्हणून द्राक्षाचा घड दिला. माल जास्त पिकलेला. झोळीत टाकला तर रस होणार.”

“रात्रीची तोड नसेल केली,” बागायतदार म्हणाला.

“ऐक आधी. आंधळा म्हणाला, इथेच बसून खाऊ. पण नियमाने. एक मणी तू, एक मणी मी. पोरगा कबूल झाला. एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीला आंधळ्याने दोन-दोन उचलायला सुरुवात केली. पोराने पाहिलं. काही बोलला नाही. त्याने तीन-तीन उचलायला सुरुवात केली.”

आडतवाल्याने कप खाली ठेवला. हिशेबाचा विषय निघाला की तो कप खाली ठेवतो.

“घड संपला. आंधळ्याने नुसता देठ हातात घेऊन मान हलवली. म्हणाला, लबाडा, तू तीन-तीन खाल्लेस. पोरगा म्हणाला, नाही बुवा, तुला कशावरून वाटलं? सांगा, आंधळ्याला कसं कळलं?”

कोणालाच सांगता येईना. बागायतदाराने घडाचं वजन विचारलं. आडतवाला म्हणाला, देठावरच्या खुणा मोजल्या असतील. गुरुजींनी सगळ्यांकडे एकदा लाल पेन रोखून पाहिलं.

“मी दोन-दोन खात होतो आणि तू गप्प बसलास, त्यावरून!”

एक क्षण शांतता. मग बागायतदाराच्या लक्षात आलं. मग आडतवाल्याच्या. मग दोघांनीही अगदी सावकाश माजी सदस्यांकडे पाहिलं. आमच्याकडे मागल्या पंचवार्षिकला सत्ताधाऱ्यांच्या एकाही ठरावाला विरोधकांनी हरकत घेतली नव्हती, आणि माजी सदस्य विरोधी बाकावर होते. पेव्हर ब्लॉक झाले, हायमास्ट झाला, गटारीवर पुन्हा गटार झाली. बैठकीत हूं की चूं नाही. सदस्य उठले. “बागेत मजूर आलेत,” म्हणाले. त्यांना बाग नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे गुरुजींनी नातीला पक्कं करून सांगितलं, “त्या धड्यावरून काय शिकायचं? अन्याय होताना जो गप्प बसतो तो नेहमी घाबरलेलाच असतो असं नाही. कधीकधी तो तीन-तीन खात असतो.” पोरीने हे सराव-पेपरात स्पॅनिशमध्ये उतरवलं. तिच्या शिक्षिकेने बाजूला विचारलं, की हा संदर्भ कुठल्या समीक्षकाचा?

नाटकं आली आणि अभ्यासाची सूत्रं माईंच्या हातात गेली. माई म्हणजे गुरुजींची मंडळी. रोज पहाटे त्या फोनच्या मागे चुलीपाशी असायच्या, ऐकत नाही असं दाखवत. लोर्काचं ‘बेर्नार्दा आल्बाचं घर’ सुरू झालं. १९३६च्या जूनमध्ये त्याने ते पुरं केलं आणि ऑगस्टमध्ये त्याला गोळ्या घालून मारलं. नवरा मेला म्हणून बेर्नार्दाबाई पाच मुलींना घरात कोंडून आठ वर्षांचं सुतक जाहीर करतात.

“आठ वर्षं?” माई पुढे आल्या. “आणि पोरींची वयं काय?”

थोरली एकोणचाळीस, धाकटी वीस.

“अगं बाई! आणि स्थळं?”

थोरलीला एक आलं आहे, इस्टेटीसाठी. पण तो रात्री खिडकीशी येतो तो धाकटीसाठी. माईंनी पिठाचे हात धुतले आणि खुर्ची ओढली. त्या आठवड्यात स्वयंपाकाला उशीर होत गेला. गुरुजींच्या ‘तुझ्या शब्दांत सांग’ला काही किंमत राहिली नाही, माई थेट विचारायच्या, “काल मधली काय म्हणाली? चहाडी तिनेच केली ना? मला वाटलंच.” धाकटीने गळफास लावून घेतल्याचं नातीने सांगितलं, तेव्हा माई काही बोलल्या नाहीत. पण शेवटी बेर्नार्दाबाई सगळ्यांना बजावतात, की माझी मुलगी कुमारिका मेली असंच सांगायचं आणि आता एक शब्द नाही, हे ऐकल्यावर त्या उसळल्या. “पोरगी गेली तरी हिला अब्रूचीच पडली? असल्या आया मी पाहिल्यात. नावं सांगू?” गुरुजींनी घाईने पुढचा धडा काढला. गोविंद निहलानींनी याच नाटकावरून १९९१ साली ‘रुक्मावती की हवेली’ हा चित्रपट केला होता. तो मी माईंना सांगितला तर म्हणाल्या, “नाव राजस्थानातलं असलं म्हणून काय झालं, घर आपल्याच तालुक्यातलं आहे.”

‘काउंट लुकानोर’मधल्या एका गोष्टीवरून तर घरात दोन दिवस ताण होता. एका तरुणाचं महातापट बायकोशी लग्न होतं. पहिल्याच रात्री तो कुत्र्याला पाणी आणायची आज्ञा करतो. कुत्रा आणत नाही म्हणून त्याला मारतो. मग मांजर, मग घोडा. शेवटी बायकोकडे बघतो. ती मुकाट्याने पाणी आणते. सासऱ्याला युक्ती आवडते. तोही घरी जाऊन कोंबडा मारतो. पण त्याची बायको सांगते, की आता उशीर झाला, आपण एकमेकांना पुरते ओळखतो.

“घोड्याचं काय चुकलं होतं?” माईंचा प्रश्न.

“तो दृष्टान्त आहे,” गुरुजी म्हणाले.

“आणि सासू म्हणाली तो काय आहे?”

गुरुजींनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते माईंना दाखवलं नाही. पुढे मेक्सिकोच्या मठातली जोगीण सोर हुआना हिची कविता आली : बायकांना बिघडवायचं पुरुषांनी आणि बिघडल्या म्हणून नावंही ठेवायची पुरुषांनीच. माईंनी ती दोनदा अर्थासकट सांगायला लावली. दुसऱ्या वेळी गुरुजी नळाला पाणी आलं का ते बघायला गेले. पाणी संध्याकाळी येतं.

कवितांच्या वेळी गुरुजी स्वतःच्या अंगणात होते. गोंगोरा आणि गार्सिलासो या दोघांची सुनीतं. सोन्याच्या रंगाचे केस आहेत तोवर तारुण्य भोगून घे, पुढे सगळ्याची मातीच व्हायची आहे, असा मथितार्थ.

“अर्धं बरोबर आहे,” गुरुजी म्हणाले. “मातीच होणार, हे आमचे संतही सांगतात. पण तिथून हे वळतात भोगाकडे, आणि आमचे वळतात भजनाकडे. कारण एकच, निष्कर्ष उलटा. गणितात याला मार्क देत नाहीत. मराठीत देतात.”

चित्र आणि साहित्यकृती यांची तुलना करायचाही एक प्रश्न असतो. सरावासाठी नातीने व्हेलास्केसचं १६५६ सालचं ‘लास मेनिनास’ मोबाइलवर पाठवलं. मधोमध छोटी राजकन्या, भोवती दासी, एका बाजूला स्वतः चित्रकार कुंचला घेऊन उभा, आणि राजा-राणी फक्त मागच्या आरशात. गुरुजींनी चित्र मोठं करकरून पाहिलं. “शाळेच्या ग्रुप फोटोत फोटोग्राफरच पुढे येऊन उभा राहिला आणि मुख्याध्यापक मागे आरशात! याला कोणी रागावलं नाही?” मग बराच वेळ बघून म्हणाले, “पण आपण उभे आहोत तिथेच राजा उभा आहे की गं. तो आपल्या जागेवर आहे, म्हणून आरशात दिसतोय.” नातीला वर्गात जे समजवायला अख्खा तास लागला होता, ते आबांनी तांब्याला टेकवलेल्या मोबाइलवर पाहिलं. अर्थात त्यांनी पुढे लगेच विचारलं, “यावरून काय शिकलीस?” आणि पोरगी पुन्हा अडकली.

एका पहाटे हुआन रुल्फोची गोष्ट चालली होती. म्हातारा बाप जखमी मुलाला खांद्यावर घेऊन रात्रीच्या अंधारात दुसऱ्या गावी डॉक्टरकडे निघाला आहे. मुलगा गुन्हेगार निघालेला. बाप वाटभर त्याला वाहून नेतो आणि वाटभर बोलतो : तुझ्यासाठी नाही, तुझ्या मेलेल्या आईसाठी करतोय. नातीने गोष्ट संपवली. गुरुजी म्हणाले, “समजलं नाही, परत सांग.” तिने परत सांगितली. “परत सांग,” गुरुजी म्हणाले.

तिसऱ्या वेळी तिच्या मागून मुलाचा आवाज आला. तो जेवणाची भांडी आवरत होता. “बाबा, तुम्हाला समजलीय ती. मी चौथीत असताना टायफॉइडमध्ये तुम्ही मला खांद्यावर घेऊन लासलगावला नेलंत, तेव्हा सगळ्या रस्त्याने माझा भागाकार चुकतो म्हणून बोलत होतात.”

“चुकतच होता,” गुरुजी म्हणाले.

मे महिना आला. विंचूरच्या बागांत खरड छाटणी होऊन गेली, उन्हाळ कांदा चाळीत जाऊन पडला, आणि न्यू जर्सीत पेपर झाला. त्या दिवशी गुरुजी रात्रभर जागे होते, कारण पेपर आपल्या संध्याकाळी की रात्री याचा हिशेब त्यांचा आणि मुलाचा जुळला नव्हता. निकाल जुलैत लागला. पाचपैकी पाच.

“पाचपैकी?” गुरुजींचा चेहरा पडला. अडतीस धडे, सातशे वर्षांचं वाङ्मय, तीन तासांचा पेपर, आणि गुण पाचपैकी! हे तर बालवाडीचं प्रगतिपुस्तक. मग त्यांनी स्वतःच त्याचे शंभर टक्के केले, आणि पेढ्यांसोबत गावाला तोच आकडा सांगितला. तीनपाटीवर कोणीतरी अभिनंदनाचा फ्लेक्सही लावला. त्यावर नातीपेक्षा तालुक्यातल्या पुढाऱ्यांचे फोटो मोठे होते. गुरुजींनी स्टूल मागवून ‘नेत्रदिपक’मधला दि दीर्घ केला.

आता एवढ्यावर कोणी निवृत्त झालं असतं. पण अभ्यास घेणाऱ्याला निवृत्ती नसते. त्याची कीर्ती पसरली की नवी पुस्तकं आपोआप दाराशी येतात. गेल्या महिन्यात वाईनच्या एका कारखान्यात नोकरी करणारा पोरगा गुरुजींच्या ओट्यावर येऊन बसला. त्याला वाईनची एक परीक्षा द्यायची होती. ती घेणारी संस्था लंडनची. जगभरच्या द्राक्षांच्या जाती, माती, हवामान, आणि शेवटी पेल्यातला रंग, वास, चव इंग्रजीत लिहायची.

आम्हाला वाटलं, संपलं. माळकरी माणूस. एकादशीला पाण्याशिवाय काही घेत नाही. वाईन पार्कच्या बाजूच्या रस्त्याने जातानाही नाकाला उपरणं लावतो.

गुरुजींनी पुस्तक हातात घेतलं. पानं उलटली. एका नकाशापाशी थांबले आणि त्यांचा चेहरा उजळला.

“ला मांचा! अरे, हा तर आपल्या किहोतेचा भाग. आणि ही एब्रो नदी. हिच्या काठी काय पिकतं?”

“रिओहाचा प्रदेश आहे गुरुजी. तेम्प्रानियो जातीची द्राक्षं.”

“तिथे मुरूम की काळी? पाऊस किती? छाटणी कधी?” गुरुजींनी लाल पेन काढलं. पोरगा सांगत गेला, गुरुजी टिपत गेले. माती झाली, हवामान झालं, लाकडी पिंपं झाली. शेवटी तो चवीच्या प्रकरणाला आला आणि चाचरला. पिशवीत त्याने सरावाची छोटी बाटली आणली होती. ती काढावी की नाही, असा त्याचा हात पिशवीत अडकला.

“हात बाहेर काढ,” गुरुजी म्हणाले. “तुझ्या शब्दांत सांग. दाखवायची गरज नाही.”